मधल्या तारेची बाजू सोडताना

ट्रक असो वा बोट, बॅटरी २४ व्होल्टची आणि चालवायची वस्तू १२ व्होल्टची असेल, तर दोन बॅटऱ्यांच्या मधून तार काढावी आणि मोकळं व्हावं, असं माझं मत होतं. हे मत मी नुसतं बाळगलं नाही, त्याची वकिली केली. कन्व्हर्टर विकायला येणाऱ्या पोरांशी वाद घातले. हाताखालच्या कारागिरांना तेच शिकवलं. आज माझ्या दुकानात मधली तार निघत नाही. कोणी मागितली तर नाही म्हणतो. हे मत का बदललं, कुठवर बदललं आणि कुठे अजूनही बदललेलं नाही, ते सांगायचं आहे.

मी मराठवाड्यातल्या शेंद्र्याचा ऑटो इलेक्ट्रिशियन. जालना रोडला एमआयडीसीच्या अलीकडे माझं दुकान. २००१ मध्ये इथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला, पुढे पर्किन्सची मोठी डिझेल इंजिनं इथे बनायला लागली, मग ऑरिक सिटी ही औद्योगिक नगरी आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एवढाच, की कार वाहून नेणारे लांबलचक कॅरिअर, ट्रेलर आणि टिपर यांची रांग वाढत गेली. यातल्या बहुतेक मोठ्या गाड्या २४ व्होल्टच्या. म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला.

२४ व्होल्ट कशाला, तर सेल्फसाठी. मोठं इंजिन फिरवायला समजा ४ किलोवॅट ताकद लागली, तर १२ व्होल्टवर सव्वातीनशेच्या पुढे अँपिअर ओढावे लागतात. २४ व्होल्टवर त्याच्या निम्म्यात भागतं. करंट निम्मा झाला की त्याच केबलमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ताकद एक चतुर्थांशावर येते. केबल बारीक चालते, सेल्फ जोमाने फिरतो. पण बाजारातल्या वस्तू कारसाठी बनतात, आणि कार १२ व्होल्टची. टेप, पंखा, कॅमेरा, हवा भरायचा छोटा पंप, सगळं १२ व्होल्टचं. म्हणून ड्रायव्हर दुकानात येतो आणि म्हणतो, ‘‘उस्ताद, टेपची लाइन काढून द्या.’’

मधली तार म्हणजे काय, तर दोन बॅटऱ्या जिथे एकमेकींना जोडल्या आहेत तिथून एक वायर घ्यायची. ती वायर आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये १२ व्होल्ट मिळतात. म्हणजे ती वस्तू एकट्या खालच्या, बॉडीला अर्थ केलेल्या बॅटरीवर चालते. एक फ्यूज, थोडी वायर, काम झालं.

या पद्धतीच्या बाजूने माझ्याकडे मुद्दे होते आणि ते पोकळ नव्हते. पूर्वी दुसरा पर्याय म्हणजे ड्रॉपर. २४ मधले १२ व्होल्ट रेझिस्टन्सवर किंवा ट्रान्झिस्टरवर जाळायचे आणि उरलेले १२ वापरायचे. ५ अँपिअरच्या वस्तूला ६० वॅट द्यायचे, तर तेवढेच ६० वॅट डॅशबोर्डच्या आत उष्णता म्हणून सोडायचे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा बेचाळीसवर असताना, हा शहाणपणा नव्हे. पुढे स्विचिंगचे कन्व्हर्टर आले. ते सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतात आणि कॉइल-कंडेन्सरमधून तो सपाट करून सोडतात. त्यांत फार वाया जात नाही. पण सुरुवातीला जे स्वस्त माल हाताशी आले, ते दोन पावसाळे टिकत नव्हते. उलट बॅटरीच्या टोकाला जोडलेल्या तारेत बिघडण्यासारखं काही नाही. जे नाही ते बिघडत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. आजही ते मला खोटं वाटत नाही. अपुरं वाटतं.

त्यातला अपुरेपणा पहिल्यांदा दाखवला माझ्याच जुन्या कारागिराने. तो आता रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात बोटींचं वायरिंग करतो. शेंद्र्याचा पोरगा बोटीवर कसा, असं कोणालाही वाटेल. पण कोकणातल्या कितीतरी मच्छीमार बोटींत ट्रकच्याच घराण्यातलं इंजिन समुद्रासाठी फेरफार करून बसवलेलं असतं. अशोक लेलँडची तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. सेल्फ तोच, अल्टरनेटर तोच, मोठ्या बोटीवर दोन बॅटऱ्यांची जोडीही तीच. फोनवर मी त्याला एका ट्रेलरची तक्रार सांगत होतो. चार्जिंग व्यवस्थित, २८ व्होल्ट दाखवतंय, तरी बॅटरी वर्ष काढत नाही. तो म्हणाला, ‘‘उस्ताद, दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या का?’’

नव्हत्या मोजल्या. मीटर लावायचा तो जोडीच्या दोन टोकांना, ही आमची सवय. २८ च्या आसपास आकडा आला की अल्टरनेटर चांगला, विषय संपला. इंजिन चालू ठेवून एकेकीला मीटर लावला, तेव्हा वरची पंधराच्या वर आणि खालची जेमतेम तेरा दाखवत होती. बेरीज बरोबर, वाटणी चुकीची. त्यानंतर मधली तार असलेली जी गाडी दुकानात आली, तिच्या दोन्ही बॅटऱ्या मी वेगळ्या मोजायला लागलो, आणि कमी-अधिक तेच चित्र दिसत गेलं.

कारण समजायला अवघड नाही. अल्टरनेटर आणि त्याचा रेग्युलेटर फक्त बेरीज बघतो. एका रांगेत जोडलेल्या दोन बॅटऱ्यांमधून चार्जिंगचा करंट सारखाच जातो, एकीला जास्त आणि दुसरीला कमी देण्याची सोयच नाही. टेपने, पंख्याने जे घेतलं ते मात्र फक्त खालचीतून. म्हणजे दोन बैलांना वैरण रोज सारखी, आणि रात्रीची जादा पाळी एकाच बैलाला. एक उपाशी राहतो, दुसऱ्याला अजीर्ण होतं. खालची कधी पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती भरायची क्षमताच गमावते. वरची भरून गेलेली असते, तरी तिच्यात करंट घुसत राहतो, तिचं पाणी उडतं, प्लेटा झडतात. अल्टरनेटरला वाटतं प्रत्येकीला १४.१ मिळतायत. प्रत्यक्षात एकीला १५.३ आणि दुसरीला १२.९. दोन्ही मरतात, फक्त वेगवेगळ्या रोगाने.

इथे कोणीही विचारेल, आणि मीही स्वतःला विचारलं, की मग इतकी वर्षं हे चाललं कसं? जुन्या गाड्यांवर मधली तार होती आणि बॅटऱ्या तीन-तीन वर्षं जात होत्या, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. या प्रश्नाचं उत्तर सापडलं तेव्हा माझं मत खऱ्या अर्थाने बदललं. मीटरच्या आकड्यांनी मी फक्त गप्प झालो होतो.

उत्तर आहे क्लीनर. पूर्वी मोठ्या गाडीवर क्लीनर असायचाच. काच पुसणं, टायर ठोकून बघणं, चाकाला ओंडका लावणं, आणि बॅटरीची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर भरणं ही त्याची कामं. वरच्या बॅटरीचं उडालेलं पाणी तो भरून काढायचा. हुशार असला तर हायड्रोमीटर बुडवून ग्रॅव्हिटी बघायचा. शिवाय आमच्याकडे रीत होती, की गाडी सर्व्हिसिंगला आली की बॅटऱ्यांची अदलाबदल करायची. खालची वर आणि वरची खाली. चाळीस किलोच्या आसपासचं एकेक धूड, पण दोघे लावून उचलायचो. अदलाबदल केली की उपाशी होती तिला आराम आणि भरपेट चार्जिंग, आणि भरलेली होती तिला जादा काम. असं करत जोडी सांभाळली जायची. त्यातून भारही किरकोळ. कॅसेटचा टेप, तो गाडी चालू असताना वाजणार, आणि रात्री ढाब्यावर बंद.

म्हणजे मधल्या तारेचे ते १२ व्होल्ट फुकटचे नव्हते. त्यांची किंमत रोज कोणीतरी घागरीने आणि खांद्याने भरत होतं. मी फक्त वायरचे आणि फ्यूजचे पैसे मोजत होतो म्हणून मला ते स्वस्त वाटत होते.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. बहुतेक गाड्यांवरून क्लीनर गेला, ड्रायव्हर एकटा उरला. बॅटरी मेंटेनन्स फ्री आली, तिच्यात पाणी भरायची सोयच नाही, आणि उडालेलं पाणी गेलं ते गेलं. बॅटऱ्या चेसिसच्या बाजूला बंद पेटीत गेल्या, अदलाबदलीला कोणी तयार होईना. आणि भार वाढला. टेप गेला, त्याच्या जागी दोन मोबाइल, डॅशकॅम, केबिनचा पंखा, एलईडीच्या माळा, रात्रभर चालणारा छोटा फ्रीज आला. एक अँपिअर हा आकडा ऐकायला क्षुल्लक. पण चोवीस तास चालला तर रोज २४ अँपिअर-अवर, आणि गाडी पाच दिवस माल उतरायची वाट बघत उभी राहिली तर १२०. मोठ्या गाडीची बॅटरी दीडशेची धरली, तर ती जवळजवळ रिकामी. तीसुद्धा एकटीच. सेल्फ मारला की तिच्यातूनच सगळा करंट जायचा असतो, कारण रांगेतली दुबळी बॅटरी ठरवेल तेवढीच जोडीची ताकद.

हे ट्रकवर घडलं तर फार तर दुसऱ्या गाडीला केबल लावून स्टार्ट करता येतं. बोटीवर काय होतं ते मिरकरवाड्याच्या कारागिराकडून कळलं, आणि तो विषय मी गांभीर्याने घ्यायला लागलो. जाळं टाकून बोट रात्रभर थांबलेली, इंजिन बंद, आणि वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर, डोलकाठीवरचा दिवा सगळं चालू. सगळं मधल्या तारेवर. पहाटे तांडेलाने सेल्फ मारला आणि इंजिन नुसतं कण्हलं, तर एवढं मोठं इंजिन हँडल मारून सुरू होत नाही. शेजारी ढकलायला कोणी नसतं. त्यातून १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी. बोट उभी असते, कोणाचं लक्ष नसतं, आणि एखादं उपकरण चालू राहिलं तर बंदी उठेपर्यंत खालची बॅटरी कामातून गेलेली असते. आता तर बोटीवर उपकरणं वाढतच चालली आहेत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. देशभरातल्या एक लाख नौका, इस्रोने विकसित केलेलं तंत्र. संकटात निरोप धाडणारं यंत्र ज्या बॅटरीवर चालणार, ती बॅटरीच उपाशी ठेवणं परवडणारं नाही.

एवढं सगळं पटल्यावर मी कन्व्हर्टरचा भक्त झालो का? नाही. कन्व्हर्टरबद्दलचे माझे जुने आक्षेप मी तपासून पाहिले, त्यातले काही गळाले, काही राहिले.

गळाला तो वाया जाण्याचा आक्षेप. चांगला कन्व्हर्टर घेतलेल्या ताकदीतली नव्वद टक्क्यांच्या आसपास पुढे देतो. १२ व्होल्टला १० अँपिअर हवे असतील, म्हणजे १२० वॅट, तर २४ च्या बाजूने साडेपाच अँपिअर ओढतो. आणि मुख्य म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांतून सारखे ओढतो. महाग आहे हा आक्षेपही गळाला, कारण चांगला कन्व्हर्टर एका नव्या ट्रक-बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्तात येतो.

राहिला तो टिकाऊपणाचा आक्षेप, पण त्याचं कारण मला नीट कळलं. बाजारात मिळणाऱ्या इवल्याशा उघड्या पट्ट्यांची सहनशक्ती असते ४० व्होल्ट. २४ व्होल्टच्या गाडीला ती पुरेशी वाटते. पण अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीची केबल सैल झाली किंवा सुटली, तर क्षणभर शंभर व्होल्टच्या वरचा झटका लाइनवर येऊ शकतो. आतला स्विच जळतो, आणि जळताना बरेचदा शॉर्ट होऊन बसतो. मग २४ व्होल्ट थेट मोबाइलमध्ये. म्हणून गाडीसाठी बनवलेलाच, झटका सोसणारा, बंद डबीतला कन्व्हर्टर घ्यायचा आणि पट्टीवर भागवायचं नाही. बोटीवर तो रेझिन ओतून बंद केलेला हवा, कारण खारी हवा कशातही शिरते.

दुसरा राहिलेला आक्षेप आवाजाचा. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं यंत्र रेडिओच्या पट्ट्यात खरखर सोडतं. ट्रकवर गाण्यात शीळ येते, ड्रायव्हर वैतागतो, बस. बोटीवर वायरलेसवरचा लांबचा, अस्पष्ट आवाज त्या खरखरीत बुडतो. कन्व्हर्टर अँटेनापासून लांब ठेवायचा, वायर आखूड आणि पिळून घ्यायच्या, फिल्टर असलेला माल घ्यायचा.

तिसरा आक्षेप मी कधीच मागे घेतलेला नाही. कन्व्हर्टर गेला की त्याच्यावरचं सगळं एकदम जातं. मधली तार निदान बॅटरीत जीव असेपर्यंत दगा देत नाही. म्हणून जीवावरची वस्तू, म्हणजे बोटीचा वायरलेस, मी कारागिराला कधी एका मोठ्या कन्व्हर्टरवर इतरांबरोबर लावू देत नाही. तिला वेगळी लहान १२ व्होल्टची बॅटरी द्यायची आणि ती बॅटरी २४ वरून चार्ज करणारा चार्जर बसवायचा. चार्जर मेला तरी बॅटरीवर रात्र निघते, आणि सेल्फच्या जोडीला कोणी हात लावत नाही. दुसरा मार्ग इक्वलायझरचा. तो मधल्या जोडाला बसतो आणि वरच्या बॅटरीतलं जास्तीचं खालचीला देत राहतो. तो बसवला तर मधली तार ठेवता येते. तो बिघडला तर वाईटात वाईट म्हणजे पुन्हा जुनी स्थिती, अंधार होत नाही. इतकी वर्षं मधल्या तारेची बाजू घेतली त्याचं मला इथे थोडं समाधान मिळतं. तिच्यात चूक वायरची नव्हती, वाटणी सांभाळणारं कोणी नसण्याची होती. क्लीनर होता तेव्हा तो सांभाळत होता, आता यंत्र सांभाळेल.

आणि काही वेळा मधली तार आणि कन्व्हर्टर या दोन्हींची गरज नसते, हेही माझ्या उशिरा लक्षात आलं. आजच्या बऱ्याच जीपीएस ट्रॅकरवर, कॅमेऱ्यांवर, दिव्यांवर लेबल असतं, ९ ते ३६ व्होल्ट. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांना जो एआयएस-१४० चा ट्रॅकर सक्तीचा झाला, तसली यंत्रं १२ आणि २४ दोन्ही गाड्यांसाठी बनलेली असतात. मोबाइलचे चांगले चार्जरही दोन्हींवर चालतात. अशी वस्तूसुद्धा आम्ही सवयीने मधल्या तारेला जोडत होतो. आता माझ्या पोरांना पहिलं काम सांगतो, लेबल वाचा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती जरा जड जाते. मी वायरिंगबरोबर बॅटऱ्याही विकतो. मधल्या तारेच्या काळात बॅटरी लवकर जायची आणि गिऱ्हाईक शिव्या द्यायचं ते बॅटरीच्या कंपनीला. मला कोणी बोल लावला नाही. उलट जोडीतली एकच बॅटरी गेलेली असायची, गिऱ्हाईक एकच नवी घ्यायचं, जुनीबरोबर नवी जोडली की तीही लवकर बिघडायची, आणि तो परत माझ्याकडेच यायचा. हे मी ठरवून केलं नाही. पण ज्या मतामुळे आपली विक्री चालते, ते मत तपासायची घाई माणसाला होत नाही. कन्व्हर्टर लावायला लागल्यापासून बॅटरीचा माझा खप उतरला आहे. वायरिंगचं काम मात्र वाढलं, कारण लांबचे ड्रायव्हर नाव विचारत येतात. हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो.

कन्व्हर्टर नको, मधली तारच काढून द्या, असं म्हणणारे अजूनही येतात. मी नाही म्हटलं की ते पुढच्या दुकानात जातात आणि तिथे ती काढून मिळते. मी त्यांना अडवत नाही, फक्त एक गोष्ट करायला सांगतो, आणि ज्याच्या गाडीवर किंवा बोटीवर अशी तार असेल त्या प्रत्येकाला तीच सांगेन. इंजिन तासभर चालू द्या. मग मीटर घेऊन दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर त्या तारेची किंमत तुम्ही भरताय आणि ती बिलात कुठे लिहिलेली नाही.